‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाचे मराठी पर्याय: अमल, अधिकार, सत्ता

इंग्रजी भाषेंतील ‘पॉवर’ हा शब्द आमच्या फैजपूरच्या बाजारपेठेंत आज मराठी म्हणूनच चालतो. केळीच्या बागेस पाणी देणारा शेतकरी आपल्या विहिरीवर किती ‘पावर’ची मोटार बसविली आहे तें सांगतो. वृद्ध गृहस्थ चष्म्याची ‘पावर’ वाढली म्हणून कुरकुरतात. जमिनीच्या व्यवहारांत ‘पावर ऑफ ॲटर्नी’ कोणाच्या नांवें आहे याची चौकशी होते. आणि निवडणूक जवळ आली म्हणजे अमक्याची ‘पावर’ आतां उतरली असें पारावर बोललें जातें. प्रसंग चार, शब्द एक. (वीज गेली असतां मात्र ‘पावर गेली’ असें कोणी म्हणत नाहीं, ‘लाइट गेली’ असेंच म्हणतात, हा लोकव्यवहाराचा न्याय आम्हांस आजवर उलगडलेला नाहीं.) भाषाशुद्धीचा जुना वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या आखाड्यांत सावरकर व माधव जूलियन यांच्यासारखे समर्थ पुरुष उतरून गेले आहेत. आमचें म्हणणें जुने कागद वाचणाऱ्या व त्यांचे सारांश लिहिणाऱ्या मंडळींपुरतेंच आहे.

या शब्दाचें कुळ प्रथम पाहूं. ‘करूं शकणें’ या अर्थाचें लॅटिन भाषेंत ‘पोस्से’ असें क्रियापद आहे. तेथून जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेनें हा शब्द इंग्रजींत आला. लॅटिनांतील ‘पोतिस्’ म्हणजे समर्थ, आणि तो आपल्या ‘पति’ शब्दाचा सगोत्र आहे. म्हणजे नरपति, सेनापति यांतील ‘पति’ आणि मोटारीची ‘पावर’ हीं मूळांत एकाच घरचीं. वेदांतील ‘दंपति’ हा शब्दहि नवराबायकोच्या जोडीपूर्वीं घराचा धनी या अर्थानें येतो. तेव्हां इंग्रज जेव्हां ‘पॉवर’ म्हणतो तेव्हां तो एवढेंच सांगतो कीं, अमुक एक जण अमुक एक गोष्ट करूं शकतो. तें करूं शकणें त्याच्या ठिकाणीं आलें कोठून, जन्मानें आलें, कोणी दिलें, कीं त्यानें बळानें घेतलें, यावर तो शब्द मुका आहे. मराठीनें जे निरनिराळे शब्द वापरले ते मात्र नेमक्या याच जागीं बोलके आहेत. मोल्सवर्थसाहेबांनीं आरंभिलेला व कँडीसाहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. त्यांत या एका शब्दापुढें मराठी शब्दांची ओळच्या ओळ मांडावी लागली. ती ओळ म्हणजे समानार्थी शब्दांची रास, असें समजून आपण तींतून हवा तो शब्द उचलतों, आणि येथेंच घोटाळा होतो.

हा घोटाळा आम्हीं स्वतः केलेला आहे, म्हणून दुसऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, शाळेंत नोकरीवर असतांना, आम्हीं एका परगण्याच्या कांहीं मोडी कागदांवर एक लहानसा निबंध लिहून स्नेहीमंडळींत वाचला. एकाच सालच्या कागदांत ‘मोगलाई अमल’ व ‘मोकासा अमल’ असे दोन उल्लेख होते. आम्हीं ‘अमल’ म्हणजे सत्ता असें धरून, त्या सालीं परगण्यांत दोनदां सत्तांतर झालें असा सिद्धान्त बांधला, व तो बांधतांना मोठा आवेशहि आणला. निबंध संपल्यावर मोडी वाचण्यांत केस पिकलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, “मास्तर, बाकी सगळें ठीक, पण लढाई कोठें झाली?” लढाई कोठेंच झाली नव्हती. दोन्ही अमल एकाच वेळीं, एकाच गांवांत, एकाच पिकावर सुखानें नांदत होते.

तर आधीं ‘अमल’ या शब्दाकडे वळूं. हा मूळ अरबी शब्द. अर्थ काम, कृति. फारसी दफ्तरांतून तो मराठींत आला व ‘अंमल’ असाहि लिहिला जाऊं लागला. अंमलदार, अंमलबजावणी हे शब्द आज सरकारी मराठींत रुळलेले आहेत. भांगेचा अंमल चढला, अंमली पदार्थ, यांतला अंमलहि तोच. राज्य करणें आणि कैफ चढणें यांना एकच शब्द असावा, याचें कोणास हसूं येईल. पण शब्दाच्या मूळ अर्थाशीं हें पूर्ण सुसंगत आहे. पोटांत गेलेली वस्तु आपलें काम दाखवूं लागली म्हणजे तिचा अंमल. ठाण्यांत बसलेला मनुष्य वसुलाचें काम करूं लागला म्हणजे त्याचा अमल. काम थांबलें कीं अमल संपला. म्हणूनच जुन्या कागदांत अमल ‘बसतो’ आणि ‘उठतो’. अमल हें सामर्थ्याचें दिसणारें रूप आहे. त्यामागें हक्क आहे कीं नाहीं, तो कोणी मान्य केला कीं नाहीं, या प्रश्नांशीं त्या शब्दाला कर्तव्य नाहीं.

खानदेशाच्या इतिहासांत या शब्दाचें महत्त्व विशेष. फारुकी घराण्याचें राज्य अकबरानें १६०१ च्या आरंभीं अशीरगड घेऊन बुडविलें, आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. पुढें १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशव्यानें दिल्लीहून शाहू महाराजांच्या नांवें चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा आणिल्या. दक्षिणच्या ज्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी मिळाली त्यांत खानदेश एक होता. तेव्हांपासून येथील गांवोगांव दुअमली सुरू झाली. मुलकाचा धनी मोगल, पुढें निजाम. आणि त्याच मुलकांत शेंकडा पंचवीस चौथाईचे व शेंकडा दहा सरदेशमुखीचे मराठ्यांकडे. चौथाईचा चौथा हिस्सा राजबाबती म्हणून राजाकडे. उरला तो मोकासा, आणि त्यांतूनहि सहोत्रा व नाडगौडा हीं वेगळीं काढून दिलेलीं. एका शेतकऱ्याच्या खळ्यावर इतके जण आपापला अमल घेऊन उभे राहात. अशा गांवीं ‘सत्ता कोणाची?’ हा प्रश्न विचारणें व्यर्थ आहे, ‘अमल कोणकोणाचे?’ हाच प्रश्न योग्य. भालकीच्या तहानें १७५२ सालीं निजामाकडून खानदेशाचा मुलूख मराठ्यांकडे आला, आणि १७६० त उदगीरच्या लढाईनंतर अशीरगड व बऱ्हाणपूरहि आलें, तेव्हां कोठें ही दुअमली मोडली.

१७१९ च्या सनदांतील ‘स्वराज्य’ हा शब्दहि येथें ध्यानांत ठेवावा. शिवाजी महाराजांच्या निधनसमयीं जो मुलूख त्यांच्या ताब्यांत होता, साधारणपणें त्याला या सनदांत स्वराज्य म्हटलें आहे. म्हणजे तो वसुलाच्या दफ्तरांतला, सीमा असलेला शब्द. दोनशें वर्षांनीं याच शब्दानें काय काय वाहून नेलें तें पुढें येईलच.

दौलत व अखत्यार या दोन शब्दांचा निकाल थोडक्यांत लावतां येईल. दौलत म्हणजे अरबींत फिरणें, पाळी येणें. भाग्याचें चाक फिरून ज्या घराण्याकडे आलें त्याची ती दौलत. शिंदे-होळकरांच्या दौलती म्हणतांना आपले पूर्वज नुसती संपत्ति म्हणत नव्हते, आणि नुसतें राज्यहि म्हणत नव्हते. अखत्यार म्हणजे निवड, व मुखत्यार म्हणजे निवडलेला. वर सांगितलेल्या ‘पावर ऑफ ॲटर्नी’ला मुखत्यारपत्र हा शब्द आपल्याकडे आहे, तो किती अचूक आहे हें यावरून दिसेल. जो निवड करूं शकतो त्याचा अखत्यार, आणि त्यानें ज्यास निवडलें तो मुखत्यार. शिवकालीन राजव्यवहारकोशांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देतांना राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद व पण्य असे दहा वर्ग केले आहेत. त्यांत सत्ता नांवाचा वर्ग नाहीं. राज्य करणाऱ्यास ती वस्तु वेगळी काढून दाखवावी असें वाटलें नाहीं. किल्ला, शिक्का, फौज, दफ्तर यांतच ती होती.

‘अधिकार’ हा शब्द आम्हां संस्कृतच्या विद्यार्थ्यांना व्याकरणांत प्रथम भेटतो. अष्टाध्यायींत कांहीं सूत्रें अशीं आहेत कीं, त्यांचें स्वतःचें काम त्या जागीं कांहींच नसतें. पुढें येणाऱ्या सूत्रांवर तीं बसतात व आपला अर्थ त्यांना पुरवितात. त्यांस अधिकारसूत्रें म्हणतात. प्रत्येक अधिकाराला हद्द असते. अंगाधिकार सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत चालतो, त्यापुढें एक सूत्रहि नाहीं. मीमांसेंत जैमिनीचा सहावा अध्याय अधिकाराचा. तेथें प्रश्न असा कीं, यज्ञ करण्यास पात्र कोण व फळाचा धनी कोण. गीतेनें कर्म व फळ यांची फारकत करतांना हाच शब्द वापरला, तो ही मीमांसकांची परिभाषा डोळ्यांपुढें ठेवूनच, असें आमचें मत आहे. पुढें मराठी संतमंडळींनीं ‘अधिकारी पुरुष’ म्हटला तो साहेबाच्या कचेरींतला नव्हे, उपदेशास पात्र असलेला. सारांश, अधिकाराला देणारा कोणी तरी असतो, नेमलेली हद्द असते आणि पात्रतेची अट असते. नेमणुकीचा कागद फाटला कीं अधिकार गेला.

याचा एक सुंदर पुरावा अलीकडच्या काळांत मिळतो. भारताच्या संविधानाचे हिंदी व मराठी पाठ शेजारीं ठेवून वाचावे. इंग्रजी पाठांत जेथें ‘पॉवर’ आहे तेथें हिंदींत ‘शक्ति’ आणि मराठींत ‘अधिकार’ आहे. संविधानांत सुधारणा करण्याची संसदेची हिंदींत शक्ति, तर मराठींत अधिकार. उलट नागरिकांचे जे मूलभूत ‘राइट्स’, ते हिंदींत ‘मूल अधिकार’ आणि मराठींत ‘मूलभूत हक्क’. म्हणजे तोच अधिकार शब्द हिंदींत प्रजेच्या हातीं आहे आणि मराठींत शासनसंस्थेच्या. मराठीनें वतनदारांच्या भांडणांत घांसून घांसून गुळगुळीत झालेला ‘हक्क’ प्रजेस दिला व सरकारास हद्दीचा शब्द दिला. आम्हांस ही वांटणी हिंदीच्या वांटणीपेक्षां सरस वाटते. शक्ति म्हटली कीं तिला सीमा सुचत नाहीं. अधिकार म्हटला कीं ‘कोणीं दिला?’ हा प्रश्न आपोआप उठतो.

आतां ‘सत्ता’. या शब्दाचा प्रवास सर्वांत विलक्षण आहे. पाणिनीय धातुपाठाचा पहिलाच धातु ‘भू’. त्याचा अर्थ सत्ता असा दिलेला आहे, आणि तेथें सत्ता म्हणजे केवळ असणें. वैशेषिकांच्या मतें द्रव्य, गुण व कर्म या तिहींत राहणारें जें सर्वांत व्यापक सामान्य, तें सत्ता. वेदान्त्यांनीं पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानल्या. दोरीवर भासणारा साप तिसरीचा धनी. यांत राज्यकारभार कोठेंच नाहीं. मग ‘असणें’ या अर्थाचा शब्द ‘हुकूम चालविणें’ या अर्थावर आला कसा?

आमचें अनुमान असें आहे. वेदान्तांत आत्मा स्वतः कांहीं करीत नाहीं. तो नुसता आहे, एवढ्यानेंच जड देह हालचाल करितो. लोहचुंबक हलत नाहीं, पण त्याच्या सान्निध्यानें लोखंड हलतें, हा त्यावरचा नेहमींचा दृष्टान्त. ‘सत्तामात्रेंकरून’ हा प्रयोग अशा ठिकाणीं येतो. हा विचार कीर्तनांतून व पुराणांतून मराठी माणसाच्या कानीं शतकानुशतकें पडला. तुकोबांच्या अभंगवाणींत हा देह कोणाच्या सत्तेनें चालतो अशी विचारणा आहे; तेथें सत्ता शब्दाचा अर्थ असणें असा घ्यावा कीं सामर्थ्य असा घ्यावा, हें ठरवितां येत नाहीं, आणि ठरविण्याची गरजहि नाहीं, कारण दोन्ही अर्थ एकाच जागीं मिळून गेले आहेत. ज्याच्या नुसत्या असण्यानें बाकीचे हालतात त्याची सत्ता. देवाविषयीं हें बोलून झाल्यावर राजाविषयीं बोलण्यास वेळ लागला नाहीं. म्हणून आमच्या मतें मराठी ‘सत्ता’ या शब्दाचें बीज हें कीं, ती कोणीं दिलेली नसते. दिलेला असतो तो अधिकार. सत्ता स्वयंभू, अधिकार परतंत्र, आणि अमल म्हणजे या दोहोंपैकीं कोणाचेंहि प्रत्यक्ष काम.

उरला ‘शक्ति’. कौटिल्यानें राजाच्या तीन शक्ति सांगितल्या आहेत: ज्ञानाची ती मंत्रशक्ति, कोश व सैन्य यांची ती प्रभुशक्ति, आणि पराक्रमाची ती उत्साहशक्ति. या तिहींत पराक्रम श्रेष्ठ हें पूर्वाचार्यांचें मत खोडून त्यानें प्रभुशक्ति वर ठेविली, आणि तिच्याहिवर मंत्रशक्ति. हा ग्रंथ कित्येक शतकें नांवापुरता राहिला होता. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें त्याची पोथी म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहास दिली, आणि शामशास्त्र्यांनीं ती १९०९ सालीं छापून काढली. पोथ्या जमविणारांची कोणी थट्टा केली तर एवढें एक उदाहरण त्यास सांगावें.

नैयायिक व मीमांसक यांचा शक्तीविषयींचा वाद याहून आमच्या कामाचा आहे. सिद्धान्तमुक्तावलीच्या प्रारंभींच तो येतो. अग्नि जाळतो, परंतु चंद्रकान्तादि विशिष्ट मणि जवळ ठेविला तर तोच अग्नि जाळीत नाहीं, अशी समजूत होती. मीमांसक म्हणतो, अग्नि तर तेथेंच आहे; मग गेलें काय? त्याची दाहशक्ति गेली. म्हणून शक्ति हा निराळा पदार्थ मानलाच पाहिजे. नैयायिक म्हणतो, निराळें कांहीं मानण्याची जरूर नाहीं. प्रतिबंधक मणि जवळ नसणें हेंहि जळण्याचें एक कारण आहे, तें पुरें नव्हतें म्हणून जळलें नाहीं. त्यावर आणखी एक पेंच असा कीं, उत्तेजक नांवाचा दुसरा मणि आणून ठेविला तर प्रतिबंधक असूनहि अग्नि जाळतो. आम्हीं तरुणपणीं हा वाद पाठ केला तेव्हां शाळेबाहेर त्याचा कांहीं उपयोग होईल असें स्वप्नांतहि नव्हतें.

आतां गांवाकडे येतों. फैजपूर हा यावल तालुक्यांतील जुना कसबा, कापड रंगविणारांचा व छापणारांचा. नांवांतील ‘फैज’ म्हणजे अरबींत ओसंडणें, कृपा, उदारपणा. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं येथें राष्ट्रीय सभेचें ५० वें अधिवेशन भरलें. शहर सोडून खेड्यांत भरलेलें हें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. जागेस नांव टिळकनगर. बांबू व गवत अशा गांवच्याच सामानांतून मांडव सजविले ते नंदलाल बोस यांनीं. अधिवेशन यशस्वी व्हावें म्हणून साने गुरुजींसारखे कार्यकर्ते खानदेशभर हिंडले होते. हें सर्व प्रसिद्ध आहे. सभेपुढें असलेला मूळ प्रश्न शब्दांच्या दृष्टीनें कोणीं तपासला असल्याचें मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

प्रश्न असा होता. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यानें प्रांतांना स्वायत्तता देऊं केली. मंत्री लोकनियुक्त, खातीं त्यांच्या हातीं. परंतु गव्हर्नराकडे ‘विशेष जबाबदाऱ्या’ राखून ठेविलेल्या, कांहीं बाबतींत तो स्वतःच्या विवेकानें वागणार, आणि ९३ व्या कलमाप्रमाणें राज्ययंत्र चालत नाहीं असें त्यास वाटलें तर सगळाच कारभार आपल्याकडे घेणार. मग निवडणुका जिंकल्यावर मंत्रिपदें घ्यावीं कीं नाहीं? इंग्रजींत बोलणारास येथें अडचण होती, कारण मंत्र्याकडे असते तीहि ‘पॉवर’ आणि गव्हर्नराकडे राहिली तीहि ‘पॉवर’. मराठींत हा वाद एका वाक्यांत मांडतां येतो: देऊं केला आहे तो अधिकार, राखून ठेविली आहे ती सत्ता. मंत्रिपदें घेण्याच्या प्रश्नाला मराठींत ‘अधिकारग्रहण’ म्हणत, ‘सत्ताग्रहण’ नव्हे, हें उगीच नाहीं.

किंवा नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर मंत्रिमंडळ हा अग्नि, आणि गव्हर्नर हा शेजारीं ठेविलेला प्रतिबंधक मणि. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, मणि जवळ असतां अग्नीला अग्नि म्हणण्यांत काय अर्थ? अध्यक्षांचा कल उघडपणें मंत्रिपदें न घेण्याकडे होता. दुसरा पक्ष म्हणे, लोकमताचा उत्तेजक मणि आपणांजवळ असला तर प्रतिबंधकाची मात्रा चालणार नाहीं. फैजपुरास या वादाचा निकाल लागला नाहीं. कायदा धिक्कारावा, निवडणुका लढवाव्या, प्रौढ मतदानानें निवडलेल्या घटनासमितीची मागणी करावी, आणि अधिकारग्रहणाचें निवडणुकांनंतर पाहावें, असें ठरलें. शेतकऱ्यांच्या साऱ्याचा व कर्जाचा विचार करणारा कार्यक्रमहि येथेंच संमत झाला.

पुढील हकीकत थोडक्यांत अशी. १९३७ च्या निवडणुकींत मुंबई इलाख्याच्या १७५ जागांपैकीं ८६ काँग्रेसनें जिंकल्या. मार्चमध्यें दिल्लीस अखिल भारतीय समितीनें ठरविलें कीं, गव्हर्नर आपले हस्तक्षेपाचे विशेष अधिकार वापरणार नाहींत असें आश्वासन मिळाल्यास मंत्रिपदें घ्यावीं. म्हणजे मणि उचलून दूर ठेवा, मग आम्ही पेटतों. तोंवर १ एप्रिलपासून मुंबईंत सर धनजीशा कूपर यांचें तात्पुरतें मंत्रिमंडळ कारभार पाहूं लागलें होतें. व्हाइसरॉयानें जूनमध्यें केलेल्या खुलाशानंतर जुलैंत वर्ध्याच्या बैठकींत मंत्रिपदें घेण्याचें ठरलें, आणि १९ जुलै रोजीं बाळासाहेब खेर मुंबईचे पंतप्रधान झाले. (प्रांताच्या मुख्य मंत्र्यास तेव्हां पंतप्रधानच म्हणत.) दोन वर्षें अग्नि जळला, दारूबंदीसारखीं कामें झालीं. पण सप्टेंबर १९३९ मध्यें हिंदी लोकांस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत ओढला गेला, मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले, आणि मुंबईसह प्रांतोप्रांतीं ९३ वें कलम लागू झालें. गव्हर्नराला नवें कांहीं मिळवावें लागलें नाहीं. होतें तेंच त्यानें वर काढलें. अधिकार आला तसा गेला, सत्ता होती तेथेंच होती. फैजपुरास शंका घेणारांचें म्हणणें शब्दशः खरें ठरलें. आणि त्या दोन वर्षांत कारभार शिकून घेतला तो दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यानें, हेंहि तितकेंच खरें.

ज्यांनीं हें अधिवेशन डोळ्यांनीं पाहिलें होतें असे वृद्ध आमच्या बालपणीं गांवांत व आसपासच्या खेड्यांत पुष्कळ होते. त्यांच्या बोलण्यांत सत्ता हा शब्द आम्हीं ऐकल्याचें स्मरत नाहीं. ते ‘राज’ म्हणत, ‘स्वराज्य’ म्हणत. इंग्रजाचें ‘राज’ जाणार हें त्यांना समजलें होतें. तें जाऊन कोणत्या कलमानें कोणाकडे काय जाणार, याची त्यांना पर्वा नव्हती. १७१९ च्या सनदेंतील तो वसुली शब्द आतां चौथाईच्या हिशेबांतून सुटून कोठच्या कोठें गेला होता.

१९४७ सालीं जें झालें त्यास इंग्रजांनीं ‘पॉवर’चें हस्तांतर म्हटलें, त्यांनीं १९७० ते १९८३ या काळांत त्या व्यवहाराचे कागद बारा खंडांत छापले ते याच नांवानें. मराठींत आपण ‘सत्तांतर’ म्हणूं लागलों. आमच्या मतें हा शब्द त्या प्रसंगीं चुकला. हस्तांतर होतें तें अधिकाराचें. मुखत्याराकडून मुखत्याराकडे कागद जातो. सत्ता जर स्वयंभू असेल तर ती एका हातांतून दुसऱ्या हातांत देतां येत नाहीं, आणि पुढें झालेल्या संविधानानेंहि आपला उगम पार्लमेंटाच्या कायद्यांत न दाखवितां भारताच्या लोकांत दाखविला. आज सत्तांतर म्हणजे एक मंत्रिमंडळ जाऊन दुसरें येणें असा अर्थ वृत्तपत्रांतून रूढ झाला आहे. मंत्र्यांच्या खुर्चीस सत्ता म्हणण्याची ही संवय इतकी मुरली आहे कीं, ती आतां निघणें नाहीं. निदान जुन्या कागदांवर ती लादूं नये.

गणितांतील ‘पॉवर’विषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्याचाहि संबंध खानदेशाशींच आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत आपण ‘पॉवर’ला शक्ति म्हणतों आणि ‘फोर्स’ला बल. अश्वशक्ति हें ‘हॉर्सपॉवर’चें नुसतें भाषान्तर, ती ७४६ वॉटांची. परंतु दोनाची पांचवी ‘पॉवर’ म्हटली कीं मराठी विद्यार्थी घात म्हणतो, आणि हा घात शक्तीच्या कुळांतला मुळींच नव्हे. प्राचीन गणितांत हनन, वध, घात हे गुणाकाराचे शब्द. वर्ग व घन यांचा गुणाकार तो वर्गघनघात, म्हणजे पांचवा घात. अशा नांवांतील शेवटचा शब्द उरला व परिभाषा झाली. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ही परिभाषा आहे त्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. तो भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. निकुंभ राजांनीं मठास दिलेल्या उत्पन्नाचा तपशील त्याच लेखांत आहे, आणि तो भाग मराठींत आहे. कोणत्या मालावर किती हिस्सा मठाचा, हें तेथें नेमकें सांगितलें आहे. म्हणजे दान देणाऱ्या राजाच्या सामर्थ्याचा पुरावा हवा असेल तर तो तेथें संस्कृत विशेषणांत शोधूं नये, या मराठी मापांत शोधावा.

याद्या व सारांश करणारांस आमची विनंति एवढीच. कागदांत ‘अमल’ असेल तर सारांशांत अमलच लिहावा, ‘दौलत’ असेल तर दौलत, ‘अखत्यार’ असेल तर अखत्यार. कंसांत अर्थ देण्याचा मोह झाल्यास सत्ता हा शब्द सर्वांत शेवटीं सुचूं द्यावा. इंग्रजी सूची करणारांनीं ‘पॉवर’ या एका शब्दाखालीं हे सगळे गोळा करूं नयेत. त्या त्या शब्दाचें नागरी रूप सूचींत स्वतंत्र द्यावें. आमच्या त्या जुन्या निबंधाची एक हस्तलिखित प्रत अद्याप आमच्याजवळ आहे. तिच्या समासांत ‘सत्तांतर’ हा शब्द खोडून ‘दुअमली’ असें नुकतेंच लिहिलें आहे, आणि लढाईचें वर्णन असलेलीं दीड पानें तशींच ठेविलीं आहेत.

यावल, सावदा, रावेर या बाजूच्या ज्या गृहस्थांकडे १८१८ पूर्वींचें देशमुखी, देशपांडेपणाचें अथवा कुळकर्णाचें दफ्तर असेल त्यांनीं, त्यांत राज्यकारभाराच्या अर्थानें ‘सत्ता’ हा शब्द कोठें आढळल्यास, आधीं व मागें दोन ओळी सोडून मूळ अक्षरवाटिकेसह नक्कल मंडळाकडे धाडावी. आणि तोच शब्द एखाद्या वेदान्तपर पोथीच्या कोऱ्या पानावर सांपडला तरी ती पोथी क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नये.